प्रतिनिधिनिवड, पक्षांतर्गत

राजकीय पक्षाच्या अधिवेशनात मतदानाचा अधिकार असणारे सदस्य निवडण्याची पद्धती. पक्षाचा अध्यक्ष व मध्यवर्ती समिती यांची निवड प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे या प्रतिनिधींकडून होत असल्याने, पक्षात फूट पडली की ‘प्रतिनिधी कोणी निवडले’ हा प्रश्न निवडणूक आयोगापुढे व न्यायालयापुढे येतो.

प्रारंभीच्या काँग्रेस अधिवेशनांस विविध सभा व संस्था यांनी पाठविलेले प्रतिनिधी येत. त्यांच्या संख्येस बंधन नव्हते. १९२० च्या नागपूर अधिवेशनाने नवी घटना स्वीकारून भाषावार प्रांतिक समित्या स्थापिल्या आणि ५०,००० लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी ही मर्यादा घातली. भंडारा जिल्हा मध्य प्रांत (मराठी) या विभागात आला व त्याचे मुख्य ठाणे नागपूर राहिले. प्राथमिक सदस्यापासून अध्यक्षापर्यंत निवडणुकीची साखळी असावी, ही कल्पना अशा रीतीने रूढ झाली.

या साखळीची पहिली मोठी कायदेशीर कसोटी १९६९ च्या काँग्रेस-फुटीनंतर लागली. निजलिंगप्पा गटाचे अधिवेशन गुजरातेत, तर जगजीवनराम यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या गटाचे मुंबईत भरले. निवडणूक चिन्हे आदेश, १९६८ मधील परिच्छेद १५ अन्वये आयोगाने संसद व विधिमंडळ सदस्यांबरोबरच अखिल भारतीय समितीचे सदस्य व प्रतिनिधी यांचे बहुमतही पाहिले आणि जगजीवनराम गटास मान्यता दिली. ‘सादिक अली विरुद्ध निवडणूक आयोग’ (१९७१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही बहुमताची कसोटी उचित ठरविली.

पुढे १९८८ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये कलम २९-अ आले. नोंदणीसाठी पक्षाने लोकशाहीवरील निष्ठा आपल्या घटनेत नमूद करणे आवश्यक झाले. मात्र तिचा भंग झाल्यास सामान्यतः नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगास नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. अमेरिकेतही ‘कझिन्स विरुद्ध विगोडा’ (१९७५) या खटल्यात राष्ट्रीय अधिवेशनाचे प्रतिनिधी ठरविण्याच्या बाबतीत राज्य-न्यायालयाच्या आदेशापेक्षा पक्षाचा अधिकार श्रेष्ठ मानला गेला.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०२२ व २०२३ मधील पक्षफुटींनी पुन्हा उभा केला. अध्यक्षाने नेमलेल्यांनीच अध्यक्ष निवडावा, अशी शिवसेनेच्या घटनेतील तरतूद लोकशाहीविरोधी असल्याचे मत आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयात नोंदविले व विधिमंडळातील बहुमत निर्णायक मानले. राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या वादात अजित पवार गटाचे एक प्रमुख नेते प्रफुल्ल पटेल होते; ते पूर्वी भंडारा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले होते. दोन्ही गट पक्षघटना व संघटनात्मक निवडणुका यांच्या चौकटीबाहेर काम करीत होते, असा निष्कर्ष काढून आयोगाने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी पुन्हा विधिमंडळातील बहुमताच्या आधारे पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह अजित पवार गटास दिले.

या निर्णयांचा परिणाम सामान्य सदस्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सदस्यनोंदणी व प्रतिनिधींची निवड यांचा विश्वासार्ह पुरावा नसेल, तर संघटनेतील बहुमत मोजता येत नाही आणि पक्ष कोणाचा, हे आमदार-खासदारांच्या संख्येवरून ठरते. अशा वेळी तुमसर वा साकोली येथील कार्यकर्त्याच्या पक्षांतर्गत मतास कायद्याच्या दृष्टीने वजन उरत नाही. प्रतिनिधिनिवडीच्या नोंदी नियमित व उघड असणे, हाच यावरील उपाय होय.