यादींतील प्रत्येकास एकच आज्ञा

पेढीवरचा मुनीम वर्षअखेर खतावणी उघडून बसला म्हणजे त्याच्यापुढें दोन निरनिराळीं कामें असत. एक काम पानें उलटण्याचें : पहिलें खातें, दुसरें खातें, असें करीत शेवटच्या खात्यापर्यंत जावयाचें. दुसरें काम प्रत्येक खात्यावर व्याज आकारण्याचें. पहिल्यांत हयगय झाली तर एखादें खातें राहून जाई. दुसऱ्यांत झाली तर आकडा चुके. माणसाच्या हातून हीं दोन्ही कामें एकदमच होत असल्यामुळें तीं वेगळीं आहेत हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. संगणकास मात्र प्रत्येक गोष्ट फोड करून सांगावी लागते. त्यामुळें या दोन कामांची गांठ सोडविण्याचा विचार संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना करावा लागला.

१९५७ सालीं आय. बी. एम. कंपनींत जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं ‘फोर्ट्रान’ ही भाषा सिद्ध केली. तींत ‘डू’ या आज्ञेनें फेरा सुरू होई : अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंत पुढील ओळी पुन्हां पुन्हां करा. ही सोय मोठीच होती. परंतु पानें उलटणें आणि व्याज आकारणें यांची सरमिसळ तशीच राहिली. प्रत्येक वेळीं फेरा नव्यानें लिहावयाचा, आणि कोठें आरंभ करावयाचा व कोठें थांबावयाचें याची चूक करण्याची संधीही नव्यानें मिळावयाची.

दुसऱ्याच वर्षीं, १९५८ च्या उन्हाळ्यांत, जॉन मॅकार्थी हे गणिती आय. बी. एम. मध्यें काम करीत असतां त्यांनीं एक प्रश्न नमुन्यादाखल हातीं घेतला. संगणकाकडून बीजगणितांतील पदावलीचें विकलन करवून घ्यावयाचें, हा तो प्रश्न. बेरजेचें विकलन म्हणजे तिच्या प्रत्येक पदाच्या विकलनांची बेरीज, हा नियम महाविद्यालयांतील विद्यार्थ्यासही ठाऊक असतो. पण बेरजेंत पदें किती? दोन, दहा कीं शंभर? हें आधीं कसें सांगावें? मॅकार्थींनीं उत्तर काढलें तें असें : पदांची एक यादी करावी, आणि एका फलनाच्या हातीं ती यादी व दुसरें एक फलन अशा दोन वस्तू द्याव्या. पहिल्यानें यादी चालून जावी आणि दुसऱ्यानें ठिकठिकाणीं आपलें काम करावें. या चालणाऱ्या फलनास त्यांनीं ‘मॅपलिस्ट’ असें नांव दिलें. त्याच्या पहिल्या रूपांत एकेक घटक न देतां त्या घटकापासून पुढें उरलेली सगळी यादीच दिली जाई. नुसता घटक देणारें ‘मॅपकार’ मागाहून रूढ झालें.

यांतील खरें नावीन्य यादींत नव्हे, तर आज्ञेलाच वस्तूप्रमाणें दुसऱ्याच्या हातीं सोपविण्यांत होतें. अशा सोपविलेल्या फलनास पुढें ‘कॉलबॅक’ म्हणूं लागले. तें लिहून दाखविण्यासाठीं मॅकार्थींनीं प्रिन्स्टन विद्यापीठांतील तर्कशास्त्रज्ञ अलॉन्झो चर्च यांचें ‘लॅम्डा’ चिन्ह उचललें. चर्च यांच्या पुस्तकाचा बाकीचा भाग आपणांस उमगला नव्हता, असें मॅकार्थींनींच पुढें मोकळेपणानें लिहून ठेवलें आहे. १९६० सालीं त्यांचा ‘लिस्प’ या भाषेवरील निबंध प्रसिद्ध झाला. तत्पूर्वींच स्टीव्ह रसेल या त्यांच्या सहकाऱ्यानें ती भाषा आय. बी. एम. ७०४ या यंत्रावर चालती केली होती.

परंतु आज्ञा परहस्तें पाठविली कीं अर्थाचा अनर्थ होण्याचें भय आलेंच. धन्यानें चिठ्ठी लिहावी, ‘ठरल्या दरानें व्याज लाव’. आणि ज्या पेढीवर ती पोंचावी तेथें ‘ठरला दर’ निराळाच असावा, तसें लिस्पमध्यें घडूं लागलें. सोपविलेल्या फलनांतील एखादें नांव यादी चालणाऱ्या फलनांतही असलें, तर चुकीचाच अर्थ घेतला जाई. मॅकार्थींना ही किरकोळ चूक वाटली. रसेल यांनीं उपाय योजला तो असा कीं, आज्ञेबरोबर तिच्या जन्मस्थळींचा संदर्भही बांधून पाठवावा. १९६४ सालीं पीटर लॅन्डिन यांनीं अशा गांठोड्यास ‘क्लोजर’ हें नांव दिलें. आणि १९७५ सालीं सस्मन व स्टील यांच्या ‘स्कीम’ या भाषेंत तोच नियम झाला. किरकोळ म्हणून बाजूस सारलेली ही चूक खरोखर या कल्पनेच्या मुळाशींच भिडलेली होती.

दुसरी अडचण यादीच्या बाजूची. संग्रह आंतून कसा रचला आहे हें उघड केल्यावांचून त्यांतील घटक एकामागून एक कसे द्यावे? त्याच दशकांत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें बार्बरा लिस्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘क्लू’ या भाषेंत ‘इटरेटर’ निर्माण केला. तो मागेल त्याला एकेक घटक देतो, पण कोठाराची किल्ली देत नाहीं. पुढें हें दोन्ही प्रवाह एकत्र आले. ‘पीएचपी’ या भाषेंत तर ‘इटरेटर अप्लाय’ या नांवाचें फलनच आहे. त्याची अट अशी कीं, सोपविलेल्या फलनानें प्रत्येक वेळीं ‘खरें’ असें उत्तर दिलें तरच फेरी पुढें चालते. म्हणजे चालणारा दुसरा असला तरी त्याला थांबविण्याचा अधिकार आज्ञेकडे राहतो.

या विभागणीचें फळ केवढें, हें २००४ सालीं दिसून आलें. गूगल कंपनींतील जेफ्री डीन व संजय घेमावत यांनीं आपली ‘मॅपरिड्यूस’ ही पद्धत प्रसिद्ध केली आणि तिची स्फूर्ति लिस्पसारख्या भाषांतून घेतल्याचें नमूद केलें. एका पदाचें काम दुसऱ्यावर अवलंबून नसेल, तर सगळीं पदें एकाच यंत्रानें कां चालावीं? तीं हजारों यंत्रांना वांटून द्यावीं, आणि एखादें यंत्र मध्येंच बंद पडलें तर त्याचा वांटा दुसऱ्यास द्यावा. एका प्रयोगांत सुमारें एक टेराबाइट माहिती क्रमवार लावतांना १७४६ कामकरी प्रक्रियांपैकीं २०० मुद्दाम मध्येंच मारून टाकल्या. एरवीं ८९१ सेकंद लागणाऱ्या कामास तेव्हां ९३३ सेकंद लागले, म्हणजे विलंब झाला तो शेंकडा पांच इतकाच.

मात्र सोपविलेल्या आज्ञेनें आपल्यापुरतेंच पाहावें, शेजारच्या खात्यांत हात घालूं नये, आणि तीच पुन्हां करावी लागली तरी उत्तर बदलूं नये, एवढें पथ्य पाळणें यांत अवश्य असतें. तें मोडलें कीं हजार यंत्रें मिळून हजारपट गोंधळ करतात. मुनिमाची खतावणी एकाच्याच हातीं असे, तोंवर या पथ्याची गरज भासली नाहीं. पानें उलटणारा एक आणि व्याज लावणारा दुसरा असें झालें, तेव्हां प्रत्येकानें आपलें काम नेमकें कोठें संपतें हें जाणणें भाग पडलें. आणि पदावलीच्या विकलनासाठीं योजलेली एक युक्ति अर्ध्या शतकानें हजारों यंत्रांच्या कामाची व्यवस्था ठरविण्यास उपयोगी पडली.