भुवयांमधली पट्टी

मालवणच्या आत्याच्या पायाच्या जखमेवर शेजारची कातडी वळवून बसवली होती. चौथ्या दिवशी कड काळी पडली. रक्तच पोचलं नव्हतं.

मला कावसजी आठवला. १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांनी इंग्रजांच्या या गाडीवानाचं नाक कापलं. पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने कपाळाची कातडी वळवून नवं नाक केलं. रक्त पोचवणारी भुवयांमधली पट्टी मात्र सुमारे पंचवीस दिवस तोडली नाही. १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये हे छापून आलं.

आता ऑपरेशन चालू असतानाच शिरेतून इंडोसायनाइन ग्रीन देतात. रक्त पोचलेली कातडी खास कॅमेऱ्यात उजळते. अंधारी राहिली तर धोका तिथेच कळतो.

वीटकऱ्याकडे धीर होता. आत्याच्या दुसऱ्या ऑपरेशनआधी मी एवढंच विचारलं, "डॉक्टर, रक्त पोचतंय का बघाल ना?"