भविष्य निर्वाह निधी : जुन्नर–आंबेगावातील सक्तीचे सभासदत्व व पगारकपातीचे तंटे

भविष्य निर्वाह निधी (बोलीत ‘पीएफ’ किंवा नुसता ‘फंड’) : कामगाराच्या पगारातून दरमहा कापलेली रक्कम, तिच्या जोडीला मालकाचा हिस्सा आणि त्यातूनच मिळणारे निवृत्तिवेतन, अशी ही सक्तीची योजना. 1952 च्या केंद्रीय कायद्याने ती रूढ झाली. वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत 15,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर रुजू होणारा आपोआप सभासद होतो. ब्रिटनमध्ये 2012 पासून सुरू झालेल्या अशाच योजनेतून कामगाराला बाहेर पडता येते. इथे ती मुभा नाही.

व्याप्ती : जुन्नर तालुक्यात निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यात दत्तात्रयनगर, पारगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने या परिसरातले मोठे मालक. गावोगावच्या सोसायट्या व पतसंस्थांची गोष्ट वेगळी : पन्नासपेक्षा कमी नोकर असलेल्या आणि यांत्रिक शक्तीविना चालणाऱ्या सहकारी संस्थांना 1952 च्या कायद्यातून सूट होती. मुकादमाकडून उचल घेऊन फडावर येणारा ऊसतोड मजूर सहसा कारखान्याच्या पगारपत्रकावर नसतो, त्यामुळे फंडाबाहेरच राहतो.

हिशेब : 15,000 रुपये पगारावर कामगाराचे 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये कापले जातात. मालकही 1,800 भरतो. त्यांतले 1,250 निवृत्तिवेतन योजनेत आणि 550 फंडात जातात. निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षे सेवा लागते आणि ते 58 व्या वर्षापासून मिळते. सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले 70, हे त्याचे सूत्र. साखर कामगाराच्या दृष्टीने दोन तरतुदी मोलाच्या आहेत. 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेत हंगामी कामगाराचा एक गाळप हंगाम पूर्ण वर्षाची सेवा धरला जातो. आणि गाळप बंद असताना मिळणाऱ्या ‘रिटेन्शन’ भत्त्यावरही वर्गणी लागते.

तंटे : नेहमीच्या तक्रारी चार. पहिली, कपात झाली, पण भरणा नाही. दुसरी, मालकाचा हिस्साही पगारातूनच वळता केला. कायद्याने हे निषिद्ध आहे. तिसरी, मागची राहिलेली वर्गणी एकदम कापली. नियमानुसार कामगाराचा हिस्सा एरवी त्या-त्या महिन्याच्याच पगारातून घ्यावा लागतो. चौथी, मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून बाकीची रक्कम भत्त्यांत घातली. सर्वांना सरसकट मिळणारे भत्ते वर्गणीसाठी मूळ पगारातच धरावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 रोजी दिला. ठेकेदाराने वर्गणी चुकवली, तर जबाबदारी मूळ मालकावर येते.

दाद : 1952 च्या कायद्याच्या कलम 7-अ खाली निधी आयुक्त चौकशी करून थकबाकी ठरवत, तिच्यावर 12 टक्के व्याज आणि वेगळा दंड बसे. कामगाराचा हिस्सा कापून न भरणे हा फौजदारी विश्वासघात मानला जातो. चौथ्या तक्रारीबाबत, 1952 च्या कायद्याची जागा घेणाऱ्या आणि 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झालेल्या कामगार संहितांनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असल्यास निम्म्यावरची रक्कम वेतनात धरली जाते.

पगारचिठ्ठीवरून फक्त कपात कळते. भरण्याची मुदत पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत असते. त्यानंतर फंडाच्या पासबुकात नोंद उतरली का, हे कामगाराने दरमहा पाहावे.