इंग्रजांची ‘सून’

इंग्रजांची ‘सून’ म्हणजे लेकाची बायको नव्हे. ती एक साधेसुधे क्रियाविशेषण. आजचा अर्थ ‘लवकरच’. पण तिचे माहेर मी कोशात शोधले, तेव्हा मला मोठी गंमत वाटली. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ती ‘सोना’ होती, आणि तिचा अर्थ होता ‘तत्क्षणी’!

मग ती अशी सैलावली कशी? मला वाटते, दोष तिचा नाही, बोलणारांचा आहे. ‘हा आलोच’ म्हणून आपण अर्धा तास उंबऱ्यातच बोलत उभे राहतो. त्या ‘च’ला झीज लागायचीच. इंग्रजांच्या ‘अनॉन’चे असेच झाले. मुळात तोही ‘ताबडतोब’च होता. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’च्या पहिल्या भागात गुत्त्यातल्या फ्रान्सिसला दोन खोल्यांतून हाका येतात. बिचारा ‘अनॉन, अनॉन’ ओरडतो आणि गोंधळून जागीच उभा राहतो.

‘बाय अँड बाय’ची कथा याहून भयंकर. १६११ च्या इंग्रजी बायबलात हेरोदियेची मुलगी राजाकडे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर ‘बाय अँड बाय’ मागते. आजच्या वाचकाला वाटावे, पोर सवडीने मागते आहे. तिला तर ते तिथल्या तिथे, तबकात हवे होते! १८८१ च्या सुधारित आवृत्तीत त्या जागी ‘फोर्थविथ’ आला.

हा सारा शब्दांचा खेळ म्हणून सोडून देता येत नाही. शाळांतील वर्णभेद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली घटनाबाह्य ठरविला. तो मोडायचा केव्हा, हा प्रश्न १९५५ साली उभा राहिला. कृष्णवर्णीय मुलांच्या वकिलांनी ‘फोर्थविथ’ मागितले; न्यायालयाने ‘विचारपूर्वक त्वरेने’ अशा अर्थाचे शब्द दिले. त्या ‘विचारपूर्वक’च्या आडोशाला दक्षिणेतली कितीतरी शाळामंडळे वर्षानुवर्षे बसून राहिली. अखेर १९६९ साली न्यायालयाला ‘ॲट वन्स’, म्हणजे ‘ताबडतोब’, असे लिहावे लागले.

१९५५ साली पहिलीत बसलेले मूल एव्हाना शाळा संपवून बाहेर पडले होते.