अनोळखी विलायती बंदूक घ्यावी का? आंबेगव्हाणच्या गोळ्यापासून खडकीच्या काडतुसापर्यंत

१/ बेल्हे परिसरातील एखाद्या परवानाधारक शेतकऱ्यासमोर जुनी, परदेशी बनावटीची अर्धस्वयंचलित बारा बोअर बंदूक विक्रीस येते. कारखान्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, किंमत मात्र मोहात पाडणारी. घ्यावी की सोडावी? हा प्रश्न आजचा वाटतो; पण याच मुलखातील राज्यकर्त्यांना तो साडेतीनशे वर्षांपूर्वीच पडला होता. त्याची ही हकिकत. (धागा)

२/ बेल्हे सोमवारच्या बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथे बैल घेणारा दात पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो. आणि बैल कोणाच्या दावणीचा, हेही विचारतो. शस्त्राच्या खरेदीत हा शेवटचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण बंदूक विकत घेतल्यानंतरही ती विकणाऱ्याशी संबंध संपत नाही.

३/ शिवाजी महाराजांना हे फार लवकर कळले. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या वखारीतील इंग्रज हेन्री रेव्हिंग्टनच्या नेतृत्वाखाली दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीस गेले आणि स्वतःचे निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. पुढील वर्षी महाराजांनी राजापूर काबीज करून वखारीतील इंग्रजांना कैद केले. व्यापारी म्हणवणाऱ्याचा दारूगोळा उद्या कोणाच्या बाजूने उडेल, याची हमी नव्हती.

४/ तरीही तोफा हव्याच होत्या. इंग्रज त्या देण्यास सतत टाळाटाळ करीत. मग दुसरा विक्रेता शोधला गेला. सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाकडून महाराजांनी ८० तोफा आणि आपल्या बंदुकांना पुरेल इतके शिसे घेतल्याची नोंद इतिहासकार रॉबर्ट ऑर्म करतो. या नोंदीतील शिसे दुर्लक्षू नये. तोफेबरोबर गोळीचा मालही एकाच सौद्यात उचलला गेला होता.

५/ हा अनुभव पुढे राजनीतीच्या ग्रंथात उतरला. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. हे इतर सावकारांसारखे निव्वळ व्यापारी नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत; म्हणून व्यवहार करावा, पण त्यांना किनाऱ्यावर पक्के ठाणे करू देऊ नये, असा त्याचा आशय. विक्रेत्याची पारख हा राज्यकारभाराचा भाग मानला गेला होता.

६/ आता यंत्राकडे वळू. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात कानातल्या दारूला लावायची, इतकेच. वात कुठेही वळता येते, नळीखेरीज बिघडण्यासारखे थोडेच. गावचा लोहारही ती दुरुस्त करी. चकमकीची बंदूक अधिक वेगवान आणि पावसापाण्यात तुलनेने भरवशाची. पण तिला चांगल्या पोलादाची कमान आणि योग्य घडणीचा गारगोटीचा दगड लागतो. कमान मोडली की बंदुकीचा दांडका होतो.

७/ म्हणून अनेक मराठी शिपाई दीर्घकाळ तोड्याच्याच बंदुकीवर विसंबून राहिले, याला निव्वळ मागासलेपण म्हणणे उथळ ठरेल. आपल्या मुलखात जे दुरुस्त होते ते हाती ठेवावे, हा त्यामागील एक व्यवहार होता. त्याची किंमतही त्यांनी मोजली. नव्या बंदुकीच्या सलग माऱ्यापुढे तोडा मंद पडे.

८/ येथे जुन्नर प्रांत कथेत येतो. पानिपतच्या आघातानंतर, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, १७६५-६६ च्या सुमारास ओतूरजवळच्या आंबेगव्हाण येथे तोफांचे गोळे तयार करण्याचा कारखाना उभा राहिला. आजच्या कल्याण-नगर मार्गावर पूर्वेकडे बेल्हे, पश्चिमेकडे ओतूर. म्हणजे हा कारखाना याच तालुक्यातला. काही वर्षांतच पुण्यातही तोफांचे काम सुरू झाले.

९/ गोळ्यांचा वेगळा कारखाना का? कारण तोफा नाना ठिकाणच्या, नाना मापांच्या होत्या. गोळा नळीपेक्षा फार लहान असला, तर दारूचा जोर कडेने निसटून जातो आणि नेम चुकतो. मोठा असला, तर तो आत शिरतच नाही किंवा अडकून नळी फुटण्याचा धोका. परकी तोफ एकदाच विकत घेता येते. तिला गोळा मात्र दर मोहिमेला लागतो. आंबेगव्हाण हे त्या गरजेचे उत्तर होते.

१०/ महादजी शिंदे एक पाऊल पुढे गेले. १७८४ पासून द बॉयनने त्यांच्यासाठी कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या, बंदुका घडू लागल्या. तेथे एक बंदूक सुमारे दहा रुपयांत पडे, अशी नोंद आहे. विलायती माल घेण्याऐवजी विलायती विद्या घेण्याचा हा प्रयत्न होता.

११/ तो मालाच्या बाबतीत यशस्वी झाला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात इंग्रजांचे जबर नुकसान या तोफांनीच केले आणि हाती लागलेल्या तोफांच्या दर्जाची दखल विजेत्या वेलस्लीलाही घ्यावी लागली. पण युद्धाच्या तोंडावर कंपनी सरकारने शिंद्यांच्या चाकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांना फोडले, आणि उत्तरेत खुद्द सरसेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तोफा दगा देत नव्हत्या. त्या चालवण्याची व्यवस्था परक्यांच्या हाती राहिली होती.

१२/ १८१८ नंतर प्रश्नाचे रूप पालटले. १८७८ मध्ये लिटनच्या काळात शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला परवान्याची सक्ती, युरोपियनांना मात्र सूट. राष्ट्रीय सभेने आरंभीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध आवाज उठवला. कोणती बंदूक घ्यावी, यापेक्षा बंदूक बाळगण्याची मुभा मिळते का, हाच आता पहिला प्रश्न झाला.

१३/ स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. पिकाच्या रक्षणासाठी शेतकऱ्याला प्रथम ठासणीची बंदूक द्यावी आणि ती अपुरी पडेल अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसऱ्या प्रकारची नळी द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. अर्धस्वयंचलित शस्त्रांचा वर्ग तर साध्या दुनळीपेक्षा कडक. म्हणजे अशा बंदुकीचा विचार करणाऱ्याने आधी आपल्या परवान्यावरील शब्द वाचावेत, किंमत नंतर विचारावी.

१४/ आणि जुन्नरमध्ये प्रत्येकाच्या मनात असलेली गोष्ट: बिबट्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण आहे. त्याच्यासाठी बंदूक घेण्याचा विचार कायद्याच्या पहिल्याच पायरीवर थांबतो.

१५/ अर्धस्वयंचलित बंदूक ही जॉन ब्राउनिंगची देणगी. त्याची ‘ऑटो-५’ १९०२ च्या सुमारास बेल्जियममधील एफएनच्या कारखान्यात बनू लागली. बार उडताच नळी धक्क्याने मागे सरकते, रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे आत येते. काडतूस हलके की जोरकस, यानुसार आतल्या घर्षणाच्या कड्या बदलून बसवाव्या लागतात. त्या चुकीच्या बसवल्या, तर एक तर बंदूक अडते किंवा प्रत्येक बाराला तिची हाडे खिळखिळी होतात.

१६/ दुनळीची कमान स्थानिक कारागीर बदलू शकतो. अर्धस्वयंचलित बंदुकीतील काडतूस ओढणारा आकडा, कड्या, कमानी त्या-त्या बनावटीच्याच लागतात. सर्वसामान्य परवानाधारकांसाठी परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ बंद आहे. त्यामुळे बाजारात येणारी अनोळखी विलायती बंदूक बहुधा जुनी असते. नामांकित बनावटीचे सुटे भाग कोठून तरी मिळतात. अनोळखी कारखाना बंद पडला असेल, तर तिचा वारस कोणीच नसतो.

१७/ गोळ्याची बाजू मात्र आज भक्कम आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यातील एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. हे माप जगभर एकच. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसे बनत आली आहेत. आंबेगव्हाणला जे तोफेसाठी करावे लागले, ते याच जिल्ह्यात बंदुकीसाठी झाले. तरीही चेंबरची लांबी काडतुसाशी जुळते का, हे तपासावेच लागते. आखूड चेंबरमध्ये लांब काडतूस घालणे जिवावर बेतते.

१८/ तर निर्णय काय? परवाना त्या वर्गाचा असेल, चेंबर इथल्या काडतुसाला जुळत असेल, सुटे भाग आजच हाती येत असतील आणि ती उघडून परत जोडणारा कारागीर ओळखीचा असेल, तर सौदा विचारात घ्यावा. यातील एकही गोष्ट कमी असेल, तर देशी दुनळी बरी. फ्रेंचांकडून तोफांबरोबर शिसे उचलणाऱ्यांनी आणि आंबेगव्हाणला भट्टी पेटवणाऱ्यांनी हाच हिशेब केला होता. आग्र्याला तो माणसांच्या बाबतीत अपुरा राहिला, आणि १८०३ मध्ये त्याची वसुली झाली.