कागदाचे हिम

व्हाइटफील्डला हिम पडत नाही, हे सांगावयास नकोच. बंगळूरच्या पूर्वेचे हे गाव १८८२ साली वसले. म्हैसूरचे महाराज चामराज वाडियार यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन मंडळींच्या संघास शेतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली आणि संघाचे प्रवर्तक डी. एस. व्हाइट यांचे नाव गावास लाभले. विलायत कधी न पाहिलेली माणसेही त्या समाजात विलायतेस 'होम' म्हणत. आज त्या शेतांच्या जागी संगणक-कंपन्यांच्या इमारती आहेत, आणि डिसेंबरात तेथील मराठी बिऱ्हाडांतली मुलेही पांढऱ्या कागदाच्या चांदण्या कातरून खिडक्यांना चिकटवितात. हे परके हिम आपल्या मुलांच्या हाती कशाला द्यावे, असा प्रश्न एखाद्या आजोबांना पडतो. मलाही तो पडला होता.

परंतु या खेळाची वंशावळ पाहू लागलो, आणि ती भलतीकडेच वळली. हिमकण षट्कोनीच का, हा प्रश्न केप्लरने १६११ साली प्राग येथे एका छोट्या पुस्तकात मांडला. नववर्षाची भेट म्हणून ते त्याने आपल्या स्नेह्यास दिले. डाळिंबाचे दाणे, मधमाश्यांचे पोळे यांच्याशी तुलना करूनही त्याला पक्के उत्तर सापडले नाही. ते पाण्याच्या रेणूंच्या रचनेत होते व पुढे तीन शतके थांबून राहिले.

कागदाच्या घड्यांचा धागा जर्मनीतून निघतो. फ्रबेलने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी जे कार्य आरंभिले, त्यात कागद दुमडणे व कापणे हेही आले. घडीकामाची ती सामग्री मद्रास इलाख्यातील टी. सुंदर राव या गृहस्थांच्या पाहण्यात आली. तीत रंगीत कागदाचे दोनशे चौरस होते. सुंदर राव मुलकी खात्यातले अधिकारी. आपल्या वाचकांच्याच जातीचे म्हणावयाचे! या खेळण्यावरून त्यांनी भूमितीचा ग्रंथ रचला व १८९३ साली तो मद्रासेस छापला गेला. कंपास नको, कोनमापक नको; एक चाकू आणि कागदाचे कपटे पुरेत. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने त्याचा उल्लेख केला आणि १९०१ साली शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. ज्या ग्रंथात षट्कोन घडीतून काढून दाखविला आहे, तो असा दक्षिण हिंदुस्थानातला आहे.

आणि घरातल्या वस्तूंनी शिकविणे तर आपल्याकडे ताराबाई मोडकांनी केव्हाच सिद्ध केले. बोर्डी व कोसबाड येथे महागड्या साधनांवाचून, शंखशिंपले, पाने, खडे यांवर त्यांनी व अनुताई वाघांनी बालवाड्या चालविल्या.

आता कृतीतील एक चूक. मुले चौरस कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा करतात. त्यातून आठ पाकळ्या निघतात. मखराच्या जाळीस ते शोभते, हिमकणास नाही. चौरस कर्णावर दुमडावा; त्या घडीच्या मध्यबिंदूपाशी सरळ कोनाचे तीन सारखे भाग पाडून दोन्ही बाजू एकमेकींवर आणाव्यात. मग एकदा अर्धी घडी. कागदाचे बारा पदर होतात, म्हणून कात्री मोठ्यांनी धरावी आणि कागद पातळ घ्यावा. चिकटविण्यास तांदळाची खळ चालते.

आम्ही जुने वर्तमानपत्र घेतो. त्याचे हिम पांढरे होत नाही, पण मुलांची त्याला हरकत नसते. खिडकीवरच्या एका पाकळीवर अजून सोन्याचा भाव वाचता येतो.