हिस्लॉप आणि गोंडांचें लिंगोगीत

नागपूरचें हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं निघालें. त्याचें मूळ मात्र तिसऱ्या रघूजी भोसल्यांच्या अमदानींत, १८४६ सालीं निघालेल्या मिशनशाळेंत आहे. ती काढणारे स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेसबिटेरियन पंथाचे. संशोधकांनीं त्यांस स्मरावें तें मात्र निराळ्या कारणास्तव. परधानाच्या मुखांतील गोंडांचें लिंगोगीत त्यांनीं उतरवून घेतलें. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचीं शिलावर्तुळें पाहून परततांना ते पुराच्या पाण्यांत बुडाले. टिपणें अपुरींच राहिलीं. तीं रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापविलीं, म्हणूनच मुखपरंपरेंतील हा पाठ आज हातीं आहे. तो वापरतांना मूळ गोंडी शब्द प्रमाण धरावे, इंग्रजी भाषांतर नव्हे, असें आम्हांस वाटतें.